प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी

गणितशिक्षणावरच्या शोधनिबंधांत अलीकडच्या काळात एक साचा चांगलाच रूढ झाला आहे. वर्गातल्या मुलांना आधी एक प्रश्नावली द्यायची. नवी वस्तू वापरायला शिकताना तुम्ही चित्र पाहता, कुणाला विचारता, की सरळ हात घालता, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तरांवरून मुलांचे तीन गट पाडायचे : दृक्, श्राव्य आणि कृतिप्रधान. मग बीजगणिताची दोन-तीन शाब्दिक उदाहरणे द्यायची, प्रत्येक गटातला एक किंवा दोन विद्यार्थी निवडून त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, आणि ‘चिकित्सक विचारा’च्या घटकांची यादी समोर ठेवून खुणा करत जायचे. शेवटी निष्कर्ष येतो : दृक् शैलीचा विद्यार्थी अर्थ लावण्यात पुढे, मूल्यमापनात मागे, श्राव्य शैलीचा अमुक घटकात पुढे, तमुक घटकात मागे. इंडोनेशियातल्या विद्यापीठीय नियतकालिकांत या साच्यातले निबंध ढिगाने सापडतात. साचा त्यांचा एकट्यांचा नाही. अध्ययनशैलीची भाषा आपल्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गांतही केव्हाच मुरली आहे.

मी गणिताचा पदवीधर नाही. पोट हिशेबनिसाच्या नोकरीवर चालते. उरलेल्या वेळात जुनी गणिताची पुस्तके जमवतो, वाचतो आणि ओळखीतल्या मुलांच्या वह्या पाहतो. या निबंधांकडे मी वळलो तेही एका वहीमुळेच. आठवीतल्या एका मुलाच्या आईला शाळेत सांगण्यात आले होते की, तुमचा मुलगा ‘श्राव्य’ आहे, बीजगणित त्याला जडच जाणार. मुलाने ते मनापासून मान्य केले होते. त्यामुळे ज्या संशोधनाच्या आधारावर हे वाक्य उभे आहे, ते तपासून पाहणे मला भाग पडले.

आधी शैलीचे पाहू. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित शिक्षणाचा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला आणि शिकणाऱ्यांचे चार प्रकार केले. हनी आणि ममफर्ड या इंग्रज जोडीनेही चार केले, पण वेगळे. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी दृक्, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार सांगितले. फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये या सगळ्या पसाऱ्याची मोजदाद केली, तेव्हा अध्ययनशैलीची ७१ प्रारूपे हाती लागली. माणसाचे वर्गीकरण ७१ तऱ्हांनी होऊ शकत असेल, तर त्यातली कुठली तऱ्हा माणसात आहे आणि कुठली प्रश्नावलीत, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

तो हॅरोल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नेमकेपणाने विचारला. त्यांचे म्हणणे साधे होते. शैली खरी असेल तर पुरावा असा हवा : मुलांचे शैलीनुसार गट करा, प्रत्येक गटातल्या काही मुलांना चित्रांनी शिकवा, काहींना बोलून, आणि कुणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, मग सर्वांची एकच परीक्षा घ्या. दृक् मुले चित्रांनी जास्त शिकली आणि श्राव्य मुले ऐकून जास्त शिकली, असे उलटसुलट दिसले तरच शैलीनुसार शिकवण्याला अर्थ आहे. अशा रीतीने केलेले अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यांतल्या अनेकांचे निकाल या कल्पनेच्या विरोधात जात होते. मुलांना आवडीनिवडी असतात हे त्यांनी नाकारले नाही. आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा आधार नाही, एवढेच ते म्हणाले. तरीही २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी झाली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षक शैलीच्या सिद्धांतावर विश्वास ठेवत होते.

याचे कारण मला समजते. ‘ढ’ या एका अक्षराने आपल्या पिढीतली किती मुले मागच्या बाकावर गेली, ते आपण पाहिले आहे. ‘तू ढ नाहीस, तुझी शिकण्याची रीत वेगळी आहे’ हे वाक्य त्यापुढे मायेचे आहे, आणि ते पहिल्यांदा बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आठवीतल्या त्या मुलाच्या बाबतीत काय घडले? शिक्का बदलला, शाई सौम्य झाली, बाक मात्र तोच राहिला.

या साच्यातल्या निबंधांचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. त्यांत मुलाची चूक दिसते, पण ती वाचली जात नाही. चूक मुलाच्या प्रकृतीवर लोटली की उदाहरणाच्या वाक्याकडे, अक्षराकडे, चिन्हाकडे बघायची गरज उरत नाही. बीजगणितातल्या चुकांवरचे जे संशोधन टिकले आहे, ते नेमके याच गोष्टींकडे बघून झालेले आहे.

त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण जॉन क्लेमंट, जॅक लॉकहेड आणि जॉर्ज मंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. एका विद्यापीठात जितके प्राध्यापक आहेत त्याच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या संख्येसाठी एकेक अक्षर घेऊन समीकरण लिहा, इतकेच. आपण अक्षरे ‘वि’ आणि ‘प्रा’ घेऊ. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना हे विचारले, तर ३७ टक्के चुकले. चुकलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी एकच चूक केली : ६वि = प्रा. म्हणजे बरोबर उलटे. दहा विद्यार्थ्यांची सहापट केली तर साठ प्राध्यापक होतील, असे विद्यापीठ कुठे नसते. ही मुले कलनशास्त्र शिकणारी होती, हे लक्षात घ्यावे.

हे का होते? पहिले कारण इंग्रजी वाक्याच्या रचनेत आहे. त्या वाक्यात ‘सहापट’ आधी येते, मग ‘विद्यार्थी’, मग ‘प्राध्यापक’. डावीकडून उजवीकडे शब्दांच्या जागी चिन्हे ठेवत गेले की ६वि = प्रा आपोआप तयार होते. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. आपण हे वाक्य कसे म्हणतो? ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ आपल्या वाक्यात सहापट प्राध्यापकांना चिकटलेली आहे, तीही षष्ठीच्या प्रत्ययाने. क्रमाने चिन्हे ठेवली तर प्रा × ६ = वि येते, आणि ते बरोबर आहे. इंग्रजी वाक्य जिथे पाय घसरवते, तिथे मराठी वाक्य हात धरते.

पण मराठीतच तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येते : ‘दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत.’ व्यवहारात हीच रचना आपल्या तोंडी जास्त असते. डोईमागे, घरटी, शेकडा या सगळ्यांची जात हीच. या वाक्याचा शब्दशः तर्जुमा केला तर १प्रा = ६वि, म्हणजे पुन्हा तीच उलटी चूक. अर्थ एक, भाषा एक, सोडवणारी मुलगी एक. एका वाक्याला तिचे समीकरण बरोबर येईल आणि दुसऱ्याला चुकेल. मग तिची शैली कोणती म्हणायची? निबंधातल्या संशोधकाने पहिले वाक्य दिले असते तर ती ‘विश्लेषणात सक्षम’ ठरली असती, दुसरे दिले असते तर ‘अक्षम’.

मोजदाद म्हणून नव्हे, कुतूहल म्हणून मी ही दोन्ही वाक्ये मुलांना घालून पाहिली आहेत. दुसऱ्या वाक्याने अधिक मुले फसतात असा माझा अनुभव आहे. मात्र पहिल्या वाक्यालाही काहींनी ६वि = प्रा लिहिले, आणि तेव्हा मला शब्दक्रमाचे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागले. एका मुलीला कारण विचारले. ती म्हणाली, “विद्यार्थी जास्त आहेत ना काका, म्हणून सहा त्यांच्याजवळ लिहिला.” ऑस्ट्रेलियातल्या मॉली मॅकग्रेगर आणि के स्टेसी यांनी १९९३ मध्ये हेच पद्धतशीर दाखवले होते. शब्दक्रम पाळला तर समीकरण बरोबर येईल अशी वाक्ये त्यांनी मुद्दाम रचली, तरीही उलटी समीकरणे आलीच.

म्हणजे चूक वाक्याच्याही खाली, समीकरण म्हणजे काय या कल्पनेत आहे. त्या मुलीच्या दृष्टीने ६वि हे चित्र आहे : मोठा घोळका इकडे, लहान घोळका तिकडे, मधे बरोबरची खूण. विद्यापीठाचे चित्र म्हणून ते चोख आहे. तिला परिस्थिती पूर्ण समजली आहे. क्लेमंट यांच्या मुलाखतींतही हेच आढळले : विद्यार्थी जास्त हे ठाऊक असूनच मुलांनी उलटे लिहिले. पण समीकरण घोळक्यांचे चित्र काढत नाही. ते एक काल्पनिक कृती सांगते : प्राध्यापकांची संख्या घे, तिची सहापट कर, म्हणजे ती विद्यार्थ्यांच्या संख्येइतकी होईल. आता ‘दृक्’ विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने फळ्यावर एक प्राध्यापक आणि त्याच्यासमोर सहा विद्यार्थी काढून दाखवले, तर काय होईल? चित्र त्याला थेट चुकीकडे घेऊन जाईल. याउलट हीच माहिती संगणकाला आज्ञावली म्हणून लिहून द्या असे सांगितल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे सुधारली, असे क्लेमंट यांनी लॉकहेड आणि सोलोवे यांच्यासह १९८० मध्येच नोंदवले होते. आज्ञावलीत ‘हे घे, ते कर’ असेच लिहावे लागते. फरक पडला तो मुलांच्या जातीमुळे नव्हे, बरोबरच्या खुणेला मिळालेल्या अर्थामुळे.

चूक वाचायची म्हणजे काय, याचे आणखी एक घरगुती उदाहरण देतो. २५ − १० + ४ किती? पुष्कळ मुले ११ सांगतात. परदेशी अभ्यासकांनी या चुकीला चिन्ह संख्येपासून सुटण्याची चूक म्हटले आहे. आपल्याकडे तिला आणखी एक पिता आहे : ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मुलाने सूत्र इमानाने पाळले, बेरीज आधी केली, २५ मधून १४ वजा केले. चुकला तो आज्ञाधारकपणामुळे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर काम करताना क्रियांच्या क्रमाऐवजी ‘पदां’कडे लक्ष वेधले : चिन्ह संख्येचेच असते, +२५, −१० आणि +४ अशी तीन पदे आहेत, ती कशाही क्रमाने जुळवा. ही दृष्टी अंकगणितात आली की बीजगणितातल्या राशी वाचणे सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. या कामात मुलांवर शिक्का कुठेच नाही. मुलांची कारणे मात्र आहेत.

अक्षराचीही अशीच गोष्ट. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात डिट्मार क्यूकेमान यांनी मुले अक्षराचे सहा वेगवेगळे अर्थ लावतात असे दाखवले. त्यातला एक म्हणजे अक्षर हीच वस्तू : ‘पे’ म्हणजे पेन्सिल. पेन्सिलींची संख्या नव्हे, किंमत नव्हे, पेन्सिलच. आपल्याकडेही ‘२ आंबे अधिक ३ आंबे’ करून २अ + ३अ शिकवतात, आणि मुलाच्या डोक्यात अ म्हणजे आंबा कायमचा बसतो. वर मी ‘वि’ आणि ‘प्रा’ ही अक्षरे घेतली, तीही याच सापळ्यातली आहेत. ‘क्ष’ आणि ‘य’ घेतली असती तर सापळा थोडा सैल झाला असता.

इथे मला भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तले घोड्यांचे उदाहरण आठवते. प्राचीन वैभवाचे ढोल वाजवण्याचा माझा हेतू नाही. पण हे पुस्तक मुळात शिकवण्यासाठी लिहिलेले आहे आणि अक्षर कशासाठी असते याबाबत ते विलक्षण सावध आहे. एकाजवळ सहा घोडे आणि ३०० रूपे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० चे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ घेतात, ‘जितके तितके’. ते घोड्यासाठी नसते, घोड्याच्या किमतीसाठी असते. मग दोन पक्ष एकाखाली एक मांडतात : वर ‘या ६ रू ३००’, खाली ‘या १० रू १००’, आणि कर्ज म्हणून शेवटच्या संख्येच्या डोक्यावर टिंब. मध्ये बरोबरची खूणच नाही. एकाला सोडून दुसऱ्याकडे बघताच येऊ नये अशी ती मांडणी आहे. किंमत येते १००. दोघेही ९०० चे धनी. एकाहून जास्त अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे येतात. रंगाला घोडा समजण्याची चूक कोण करणार?

भास्कराचार्यांनाही मंदमती आणि सुबुद्ध असा भेद माहीत होता. बुद्धी हेच खरे बीज, वर्ण हे तिचे सहायक, अशी त्यांची भूमिका आहे. पण उदाहरणे त्यांनी दोघांना वेगळी दिली नाहीत. रीती अनेक दिल्या. ‘लीलावती’तल्या कमळांच्या उदाहरणात एका राशीचा तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग देवांना वाहून सहा कमळे उरतात. तिथे अक्षर नाहीच. ६० धरा, ३ उरतात. उरायला हवीत ६. म्हणून उत्तर १२०. या इष्टकर्माला आज कुणी ‘कृतिप्रधान’ म्हणेल. भास्कराचार्यांच्या लेखी ती सर्वांसाठीची एक वाट आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, आणि लेखाचा काही भाग चक्क मराठीत आहे. त्या मठात मुले कशी शिकत असतील, हे कुतूहल माझ्या मनातून जात नाही.

शैलीचा शिक्का एकेकाळी अख्ख्या देशावरही मारून झाला आहे. दिल्लीचे मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये महत्तम-लघुतमाचे प्रश्न कलनाऐवजी बीजगणिताने सोडवणारे पुस्तक काढले. ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये ते लंडनमध्ये पुन्हा छापवले. हिंदू मनाचा कल बीजगणिताकडे आहे, तेव्हा त्याला त्याच वाटेने न्यावे, हा त्यामागचा विचार. पुस्तक रुजले नाही. रामचंद्रांच्या बुद्धीबद्दल मला आदरच आहे. पण एका देशाचे मन एका वाटेचे असते, हे त्यांना कुणी मोजून दाखवले होते?

राहिला चिकित्सक विचार. निबंधांतली घटकांची यादी बहुधा पीटर फॅसिओन यांच्या १९९० च्या अहवालावरून येते. ४६ तज्ज्ञांनी एकमताने सहा कौशल्ये ठरवली : अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःवर लक्ष ठेवणे. यादी वाईट नाही. वाईट आहे ते तिचे चौकटीत रूपांतर. मुलाने उत्तर पुन्हा तपासले की चौकटीत खूण. कशाच्या बळावर तपासले, हे विचारायला चौकटीत जागा नाही.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे : ताळा. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का पाहणे. पण ताळाही दोन प्रकारचा असतो आणि फरक तिथेच पडतो. जहाजावर किती मेंढ्या आणि किती बकऱ्या आहेत हे सांगून कप्तानाचे वय विचारण्याचा फ्रेंच प्रयोग प्रसिद्ध आहे. ग्रनोबलमध्ये १९८० च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना असे प्रश्न दिले, तेव्हा ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करून वय काढले. (असा प्रश्न बहिणीची फिरकी घेण्यासाठी फ्लोबेरने १८४० च्या दशकात पत्रातून घातला होता. कादंबरीकारांना हे आधीच ठाऊक असते.) त्या मुलांच्या बेरजा बरोबर होत्या. बेरजेचा ताळा जमत होता. प्रश्नाचा जमत नव्हता.

या दुसऱ्या ताळ्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला पुन्हा ‘बीजगणिता’तच सापडले. वानरांच्या एका कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले, आलेल्याचा वर्ग केला. तितके वानर गुहेत गेले. एक फांदीवर दिसतो आहे. कळप किती? वर्गसमीकरण सोडवले की दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, उणे ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १. जमले. पाचचा पाचवा भाग १, उणे ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक १. हेही जमले. तरी भास्कराचार्य दुसरे उत्तर नाकारतात. ऋण झालेल्या व्यक्त संख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही, असे त्यांचे कारण. त्याच जातीच्या आधीच्या उदाहरणात, कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग आणि वर १२ वानर, तिथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे त्यांनी चालवून घेतली आहेत.

‘श्राव्य’ ठरलेला तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या उन्हाळ्यात हे गुहेचे उदाहरण मी त्याला दिले. समीकरण त्याने स्वतः मांडले, दोन्ही उत्तरे काढली, दोन्हींचा ताळा वहीत लिहिला आणि दोन्ही बरोबर म्हणून खाली रेघ ओढली. मी म्हटले, पाचाच्या कळपातून आधी वानर किती बाजूला काढले ते सांग. त्याने पेन्सिलीने हिशेब केला, थांबला, मग हसायलाच लागला. “उणे दोन माकडं, काका! ती कशी दिसतात?”

उत्तर त्याने खोडले नाही. पाचाभोवती गोल काढून बाजूला प्रश्नचिन्ह घातले, आणि पानाच्या कडेला दुसरे उदाहरण रचायला घेतले : तीन वजा करायच्याऐवजी एक वजा केला तर गुहेत किती जातील?